पीएचडीचे पहिले सहा महिने: कुलगुरू, संचालक आणि मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे कुलगुरू, जैववैद्यकीय संशोधन संस्थांचे संचालक आणि पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

जैववैद्यकीय विषयात पीएचडी करणाऱ्याला राष्ट्रीय फेलोशिप मिळाली तर ती साठ महिन्यांची असते. दोन वर्षे जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), पुढची तीन एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो). १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफला ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. नोंदणीची मुदत मात्र वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रवेशापासून सहा वर्षे मिळतात आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. म्हणजे ज्याचे काम लांबले त्याचे सहावे वर्ष नियमात बसते, पण त्या वर्षाचे पैसे कुठूनच येत नाहीत. मग वयाच्या तिशीत घरून पैसे मागवायचे, किंवा दिवसा शिकवणी घेऊन रात्री थिसिस लिहायचा.

हे सहावे वर्ष का लागते, असे विचारले की प्रयोग फसले, प्रयोगाची रसायने उशिरा आली, पेपर अडकला अशी उत्तरे मिळतात. ती खरीही असतात. पण वह्या मागे मागे चाळत गेलात तर बहुतेक गाठी पहिल्या सहा महिन्यांत पडलेल्या सापडतात. हात नीट बसलेला नव्हता, पेशी कोणत्या आहेत हे कुणी तपासले नव्हते, परवानगीचा अर्ज विद्यार्थी रुजू झाल्यावर सुरू झाला होता. या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याला एकट्याला कळणे शक्य नाही. त्या गाईडला कळतात, पण त्यासाठी गाईड बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलाशी, असावा लागतो. या पत्रातली आमची मुख्य मागणी तेवढीच आहे: नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या सहा महिन्यांत मार्गदर्शकाने दर आठवड्याला दोन तास त्याच्याबरोबर बेंचवर काढावेत, आणि संस्थेने ते तास कामाचे तास म्हणून मोजावेत.

सव्वीस आठवड्यांचे बावन्न तास होतात. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, पण त्यातले नवे एका वेळी एक किंवा दोनच असतात. दोन धरले तरी सहा महिन्यांत एकशेचार तास. त्या बदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे सहा-आठ महिने वाचतात.

ज्येष्ठ विद्यार्थी शिकवतातच की, असे यावर म्हटले जाते. शिकवतात, आणि मनापासून शिकवतात. पण ज्येष्ठाकडून पद्धतीबरोबर तिच्यातल्या चुकाही जशाच्या तशा पुढे जातात, आणि तीन पिढ्यांनी तीच लॅबची रीत होऊन बसते. शिवाय त्याच्या स्वतःच्या थिसिसची मुदत जवळ आलेली असते. त्याने दाखवावे, पण तपासणे गाईडचे काम आहे.

बेंचवर बसून नेमके काय करायचे, ते आता सांगतो. पहिल्या आठवड्यात पिपेट, म्हणजे थोडा द्रव मोजून उचलायचे साधन. चार दशांशांचा तराजू घ्या, त्यावर छोटी नळी ठेवा, २०० मायक्रोलिटरच्या पिपेटवर १०० लावा आणि विद्यार्थ्याला दहा वेळा पाणी टाकायला सांगा. प्रत्येक वेळी वजन लिहा. खोलीच्या तापमानाला १०० मायक्रोलिटर पाण्याचे वजन १०० मिलिग्रॅमपेक्षा किंचित कमी भरते. दहाही आकडे एकाच बाजूला सरकलेले असतील तर पिपेटला कॅलिब्रेशन (मापाची दुरुस्ती) हवे. आकडे इकडेतिकडे विखुरलेले असतील तर दोष हाताचा आहे. बहुतेक वेळा अंगठा पटकन सुटलेला असतो, टोक तिरके धरलेले असते किंवा द्रव ओढतानाच बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलेले असते. हीच चाचणी मग ग्लिसरॉल मिसळलेल्या द्रावणावर घ्या. एन्झाइम ग्लिसरॉलमध्येच येतात, आणि पाण्यावर सरावलेला हात तिथे चुकतो. सगळे मिळून चाळीस मिनिटांचे काम.

हे न करता विद्यार्थी थेट क्यूपीसीआरवर, म्हणजे जनुकांची पातळी मोजायच्या यंत्रावर, बसला की काय होते? एकाच नमुन्याच्या तीन वेलमधली (प्लेटवरच्या खळग्यांतली) सीटी मूल्ये, म्हणजे कितव्या सायकलला संकेत दिसला ते आकडे, अर्ध्या सायकलने इकडेतिकडे जातात. तो प्रायमर (नेमके जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलतो, मग किट बदलतो, मग आरएनए पुन्हा काढतो. दोन महिने जातात. गाईडने शेजारी बसून दहापटीच्या पाच विरलनांची प्रमाण रेषा काढायला लावली असती तर एका दुपारी कळले असते. रेषेचा उतार −३.३२ च्या आसपास असेल तर प्रायमर ठीक आहेत. −३.१ ते −३.६ ही मर्यादा बहुतेक लॅब मानतात. उतार ठीक आणि तरीही तीन वेल एकमेकांशी जुळत नसतील, तर प्रायमरला दोष देण्यात अर्थ नाही.

वेस्टर्न ब्लॉटचेही, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीचेही, असेच. पट्टा कोरा निघाला की नवा विद्यार्थी आधी अँटिबॉडीवर संशय घेतो, आणि बाहेरून मागवलेली अँटिबॉडी यायला दीड-दोन महिने सहज लागतात. त्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ट्रान्सफरनंतर पाँसो हा रंग लावून प्रथिने कागदावर उतरली का ते पाहिले? त्याला पाच मिनिटे पुरतात. अँटिबॉडी पुन्हा वापरायची म्हणून द्रावणात ते टिकवणारे सोडियम अझाइड घातले होते का, आणि तेच द्रावण एचआरपी (संकेत देणारे एन्झाइम) जोडलेल्या दुय्यम अँटिबॉडीपर्यंत पोचले का? अझाइड एचआरपीला मारते, मग कितीही वेळ एक्स्पोजर दिले तरी काही दिसणार नाही. आणि फॉस्फो-प्रथिन शोधत असताना ब्लॉकिंग दुधाच्या पावडरीने केले का? दुधातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. अशा कामाला ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) वापरणे बरे. अनुभवी माणसाला हे तिन्ही प्रश्न दहा मिनिटांत सुचतात. विद्यार्थ्याला ते पुस्तकातून सुचायला एक सत्र जाते.

आता पेशींबद्दल. इथे थोडे रेंगाळतो, कारण सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

भारतातल्या ऊती-संवर्धनाची सुरुवात मुंबईत झाली आणि तिच्यामागे एक मराठी नाव आहे, डॉ. कमल रणदिवे. पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली मुंबईत काम करून १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. १९५१ मध्ये हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी, प्रथम टिकल्या त्या याच प्रयोगशाळेत. परत येऊन रणदिवे यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. खानोलकर पॅथॉलॉजिस्ट होते. विद्यार्थिनीला जे तंत्र हवे होते ते इथे उपलब्ध नव्हते, तर ती जिथे आहे तिथे गेली, शिकून परत आली आणि इथल्या पुढच्या लोकांना ते मिळाले. गाईडला प्रत्येक तंत्र स्वतःला यायलाच हवे असे नाही. विद्यार्थ्याने ते कुणाकडून आणि केव्हा शिकायचे हे मात्र त्याने ठरवून दिले पाहिजे.

त्याच हेला पेशींनी पुढे जगभरच्या अनेक पेशी-वाणांत घुसखोरी केली, हे १९६० च्या दशकातच दाखवून दिले गेले. तरीही आज आपल्याकडे शेजारच्या लॅबमधून ओळखीने आणलेल्या फ्लास्कवर प्रबंध उभे राहतात. फ्लास्कवर मार्करने नाव लिहिलेले असते, पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो आकडा) कुणालाच ठाऊक नसतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशींचे भांडार आहे, तिथून रीतसर मागवता येतात. पेशी कुठूनही आल्या तरी मानवी पेशींची एसटीआर चाचणी (डीएनएवरून ओळख पटवणारी) करून नोंदलेल्या नमुन्याशी ताडून घ्यावी. ८० टक्क्यांहून कमी जुळत असतील तर त्या फ्लास्कवर एकही प्रयोग करू नये. दोन-तीन वर्षांनी परीक्षकाने किंवा जर्नलने हेच विचारले, की मागचे सगळे काम पुसले जाते.

दुसरा शत्रू मायकोप्लाझ्मा, हा एक अतिसूक्ष्म जिवाणू. बुरशी किंवा साधे जिवाणू लागले तर माध्यम (पेशी वाढवायचे द्रावण) गढूळ होते, रंग पिवळा पडतो आणि कुणालाही दिसते. मायकोप्लाझ्मात माध्यम स्वच्छच राहते. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून माध्यमातले पेनिसिलिन त्याला काही करत नाही, आणि तो इतका बारीक असतो की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो. पेशी मरत नाहीत. फक्त थोड्या सावकाश वाढतात आणि जनुकांची पातळी बदलते. विद्यार्थ्याला वाटते औषधाचा परिणाम दिसतो आहे. उपाय कठीण नाही. नवी फ्लास्क दोन आठवडे वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवा, काही दिवस प्रतिजैविकाशिवाय वाढवा, मग पीसीआर करा किंवा डीएपीआय हा डीएनएचा चमकता रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. केंद्रकाबाहेर ठिपके चमकले तर फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये. त्यानंतर महिन्यातून एकदा चाचणी, आणि तिची तारीख इनक्युबेटरच्या दारावर. पहिल्या सहा महिन्यांत विद्यार्थ्याने ही चाचणी गाईडसमोर एकदा तरी स्वतः केलेली असावी.

रुग्णांचे नमुने घेऊन काम करणाऱ्यांच्या वाटेत आणखी खड्डे आहेत. हेपारिनच्या हिरव्या टोपणाच्या नळीत घेतलेल्या रक्तावर पीसीआर नीट चालत नाही, कारण हेपारिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य अभिक्रियेलाच अडथळा आणते. त्यासाठी ईडीटीएची जांभळ्या टोपणाची नळी हवी. फायकॉल या जड द्रावणावर पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या असतील तर रक्त बर्फात आणायचे नाही, खोलीच्या तापमानाला आणायचे आणि काही तासांतच प्रक्रियेला घ्यायचे. सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर शेवटच्या क्षणी थर ढवळतात आणि मधली पांढरी कडी हाती लागत नाही. वॉर्डातल्या परिचारिकेला नळीचा रंग कुणी सांगितलेला नसतो. हे सांगायला विद्यार्थ्याबरोबर गाईडने एकदा वॉर्डात जावे. तेवीस वर्षांच्या मुलीच्या शब्दाला तिथे जे वजन मिळत नाही ते गाईडच्या एका भेटीने मिळते.

संमतीपत्राचेही तसेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवी. प्रत्यक्षात इंग्रजी मसुद्याचे शब्दशः मराठी होते आणि त्यातले एक वाक्यही रुग्णाच्या नातेवाइकाला कळत नाही. मसुदा आधी मराठीत लिहा, दोन-तीन जणांना वाचून दाखवा, त्यांना काय कळले ते विचारा, आणि मग नैतिकता समितीकडे पाठवा. समितीकडून पहिल्याच फेरीत परत येणाऱ्या अर्जांत संमतीपत्र हे नेहमीचे कारण असते, आणि पुढची बैठक दोन-तीन महिन्यांनी असते.

म्हणूनच नैतिकता समितीचा अर्ज, प्राण्यांवर काम असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीचा अर्ज आणि जनुकीय बदल असतील तर जैवसुरक्षा समितीचा अर्ज विद्यार्थी रुजू होण्याच्या आधी गाईडने केलेला असावा. कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट पहिल्या सत्रात पूर्ण होतात. त्याच काळात मंजुरी हातात आली तर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी काम सुरू होते. नाहीतर विद्यार्थी जानेवारीत मोकळा होतो आणि मंजुरी जुलैत येते.

प्राण्यांच्या अर्जात किती उंदीर आणि का, हा प्रश्न असतो. तो भरताना गाईडने विद्यार्थ्याला नमुना-संख्या म्हणजे काय ते शिकवावे. आपल्याकडच्या थिसिसमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक इथलीच आहे. एकाच प्लेटवरच्या तीन वेलमध्ये एकाच दिवशी एकाच फ्लास्कच्या पेशी टाकल्या आणि आलेखाखाली ‘एन बरोबर तीन’ लिहिले, तर तो तीन वेळा केलेला प्रयोग होत नाही. तो एकदा केलेला प्रयोग तीनदा मोजलेला असतो. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजवर, माध्यम नव्याने बनवून केले तर तीन. उंदरांत एकाच पिंजऱ्यातले, एकाच आईचे सहा पिल्लू घेतले तर ते सहा स्वतंत्र प्राणी धरता येत नाहीत. हे चौथ्या वर्षी परीक्षकाने दाखवले तर दीड वर्ष पुन्हा काम. पहिल्या महिन्यात सांगितले तर एक तास.

आता वही. गाईडने आठवड्यातून एकदा वही उघडावी आणि पानाखाली तारखेसह सही करावी. पाहायचे ते असे: अँटिबॉडीचा लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक आहे का, पेशींचा पॅसेज आहे का, फसलेला प्रयोग लिहिला आहे का, आणि मूळ प्रतिमा न कापता कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता आहे का. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द वहीत चालू देऊ नये. पुढच्या विद्यार्थ्याला तो शब्द काहीच सांगत नाही, आणि आधीच्या विद्यार्थ्याचा फोन परदेशात लागत नाही. जिथे दर आठवड्याला कच्चा डेटा पाहिला जातो तिथे प्रतिमा जुळवून लावण्याचा मोहही होत नाही. विद्यार्थी एकदम खोटेपणाकडे वळत नाही. आधी तो ‘चांगला’ ब्लॉट तेवढाच दाखवू लागतो, आणि गाईड बाकीचे मागत नाही.

कुलगुरू आणि संचालकांना आता काही वेगळे सांगायचे आहे, कारण या गोष्टी गाईडच्या हातात नाहीत.

नियमावलीप्रमाणे विद्यार्थ्याने दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचा अहवाल मांडायचा असतो. या बैठका होतात, पण कशा होतात ते आपण जाणता. समितीच्या सदस्याला अहवाल त्याच सकाळी मिळतो, पंधरा-वीस स्लाइड होतात, ‘प्रगती समाधानकारक’ लिहून सह्या होतात. आमची सूचना अशी की अहवाल दोनच पानांचा असावा आणि सात दिवस आधी जावा. त्यात मागच्या बैठकीत काय ठरले, ते झाले का, नसल्यास का, आणि आता कोणती दिशा सोडून द्यायची, एवढेच. काय सोडायचे हे लिहिणे सक्तीचे करा. सहा दिशांनी चाललेला विद्यार्थी चार वर्षांनी कुठेच पोचलेला नसतो, आणि दिशा सोडायला सांगायचे धाडस त्याच्याकडे नसते. आणि बैठकीच्या शेवटी वीस मिनिटे गाईड बाहेर थांबेल, विद्यार्थी समितीशी एकटा बोलेल. हे सर्वच विद्यार्थ्यांसाठी ठेवा, म्हणजे कुणी तक्रार केली असा त्याचा अर्थ होणार नाही.

हे का लागते? कारण आपल्या पद्धतीत फेलोशिपच्या बिलावरची सही, एसआरएफची शिफारस, पेपरमधली लेखकांची नावे, सिनॉप्सिसची (थिसिसच्या गोषवाऱ्याची) मंजुरी आणि पुढच्या नोकरीचे शिफारसपत्र, सगळे एकाच माणसाच्या हातात असते. तो माणूस कितीही सज्जन असला तरी ही रचना विद्यार्थ्याला गप्प करते. प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रयोगशाळेतला एक सह-मार्गदर्शक किंवा निदान एक पालक-प्राध्यापक लेखी नेमून द्या. गाईड बदलायचा झाल्यास अर्ज कुणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल आणि झालेल्या कामाची मालकी कुणाची, हे संस्थेच्या संकेतस्थळावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा. आणि मासिक बिलावरची सही कामाच्या प्रगतीशी जोडू नका. प्रगती तपासायला समिती आहे.

पैशांबद्दल. फेलोशिप महिनोन्महिने उशिरा येते हे देशभरचे दुखणे आहे आणि त्याचे मूळ दिल्लीत आहे, हे मान्य. पण संस्थेला इथेच करता येण्यासारखे काहीतरी आहे. दहा जेआरएफना तीन महिन्यांची रक्कम आगाऊ द्यायची तर ११,१०,००० रुपये लागतात. एवढा फिरता निधी ठेवणे संशोधन संस्थेला अवघड नसावे. अनुदान आले की तो परत भरला जातो. आणि जेआरएफवरून एसआरएफवर जाण्याची कागदपत्रे चोविसाव्या महिन्याची वाट न पाहता एकविसाव्या महिन्यात हलवा: मूल्यमापन समितीत बाहेरचा तज्ज्ञ लागतो, त्याची तारीख मिळवण्यातच महिना जातो. हे काम विद्यार्थ्याने टेबलाटेबलावर फिरून करायचे नसते. ज्याच्या नावावर ते काम आहे अशा कर्मचाऱ्याचे नाव सूचनाफलकावर असावे.

विद्यार्थिनींसाठी एक गोष्ट. नियमावलीत २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे, आणि एकूण मुदतीत दोन वर्षांची वाढ आहे. ती मागितली तर काम मागे पडेल अशा सुराने उत्तर मिळते म्हणून अनेक जणी मागतच नाहीत. किरणोत्सारी द्रव्ये, फॉर्माल्डिहाइड, संसर्गजन्य नमुने यांच्याजवळ गर्भवतीने काम करू नये, हे लॅबच्या दारावर लिहिलेले असावे, म्हणजे तिला ते तोंडाने सांगावे लागणार नाही. रजेवर जाण्याआधी तिच्या पेशी गोठवून ठेवणे आणि उंदरांच्या वसाहतीची जबाबदारी कुणाला तरी नावाने देणे, एवढे गाईडने केले तर परत आल्यावर ती पहिल्या आठवड्यात काम सुरू करू शकते.

आणि पुढे काय, हा प्रश्न. तो थिसिस जमा करताना विचारला जातो आणि तोवर उशीर झालेला असतो. हिशोब करून पाहा. एमएस्सी बावीस-तेविसाव्या वर्षी, परीक्षेसाठी किंवा प्रकल्प सहायक म्हणून एक वर्ष, मग सहा वर्षांची पीएचडी. विद्यार्थी तिशीत येतो. इन्स्पायर फॅकल्टीसारख्या तरुण संशोधकांसाठीच्या योजनेची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षांची राहिली आहे. म्हणजे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधन) करून स्वतःचे काम उभे करायला दोन वर्षे. पीएचडीचे वाया गेलेले एक वर्ष इथे कसे मोजले जाते, ते यातून दिसेल.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गाईडने विद्यार्थ्याबरोबर एक तास बसून हा हिशोब कागदावर मांडावा. अध्यापन-संशोधनातच राहायचे असेल तर पोस्टडॉकसाठी पत्रे थिसिसच्या वर्षभर आधी जायला हवीत. ती मुख्य संशोधकाच्या कोणत्या पेपरवर आधारित आहेत हे पहिल्या परिच्छेदात दिसायला हवे. शंभर जणांना एकच मजकूर पाठवला तर उत्तर येत नाही. देशातच रिसर्च असोसिएट व्हायचे असेल तर पहिल्या पायरीवर महिना ५८,००० रुपये आणि घरभाडे मिळते. आणि ज्याला बेंच सोडायचा आहे त्यालाही तेवढाच वेळ द्या. पुणे परिसरात लसनिर्मिती आणि गुणवत्ता तपासणीचे मोठे काम आहे. औषधांच्या नियामक कागदपत्रांचे, क्लिनिकल चाचण्यांच्या देखरेखीचे, वैद्यकीय लेखनाचे काम मुंबईत आहे. विज्ञान पदवीधराला पेटंट एजंटची परीक्षा देता येते. स्वतःची कल्पना असेल तर केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेच्या बिग योजनेत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातले व्हेंचर सेंटर अशा लोकांना जागा आणि सल्ला देते. या वाटा पकडणाऱ्याला ‘विज्ञान सोडले’ असे म्हणणे थांबवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षात एक महिना अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम पाहायला द्या. थिसिसचे त्याने काही बिघडत नाही.

पेपरबद्दल थोडक्यात. पेपर छापणे पीएचडीसाठी आता आयोगाच्या नियमात सक्तीचे नाही, पण अनेक संस्थांनी स्वतःच्या नियमात ते ठेवले आहे. मुदत संपत आली की विद्यार्थी पैसे भरून कुठेही छापतो. आयोगाने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल कसे निवडायचे याची जबाबदारी संस्थेवर आणि गाईडवर आली आहे. ती विद्यार्थ्याच्या डोक्यावर ढकलू नका. आणि लेखकांचा क्रम प्रकल्पाच्या सुरुवातीला लिहून ठेवा, काम बदलले तर कागदही बदला. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, असे होऊ देऊ नका.

शेवटी, मूल्यमापनाचा अर्ज. प्राध्यापकांच्या बढतीच्या अर्जात किती विद्यार्थ्यांना पीएचडी मिळाली, याचा रकाना असतो. त्याला जोडून आणखी तीन रकाने असावेत अशी आमची मागणी आहे: प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशापासून थिसिस जमा करेपर्यंत किती महिने लागले, किती विद्यार्थी मध्येच सोडून गेले, आणि पहिल्या सहा महिन्यांत बेंचवर किती तास दिले. तासांची नोंद विद्यार्थ्याच्या वहीतल्या सह्यांवरून होईल, वेगळी नोंदवही लागणार नाही. पहिले दोन आकडे विभागवार संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे प्रवेश घेणाऱ्याला ते पाहून गाईड निवडता येईल. पुढच्या प्रवेश-फेरीच्या जाहिरातीआधी हा बदल विद्वत परिषदेपुढे किंवा संस्थेच्या शैक्षणिक समितीपुढे ठेवावा, आणि जो विभाग आधी तयार असेल त्याने दोन सत्रे करून पाहावा.

आपले,
जैववैद्यकीय संशोधनात आणि विद्यार्थी-मार्गदर्शनात काम करणारे आम्ही काही जण